करंगळीचा टेकू

२९ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, हात कधी कधी थरथरतो ते वहीत लिहीत जा. घ्या, लिहिते. सकाळी चहाचा कप उचलताना थरथरला. दुपारी सुईत दोरा ओवताना थरथरला. संध्याकाळी शेजारच्या अनिताकडे साखरपुड्याला गेले, तिथे सरबताचा ग्लास असा नाचला की अर्धं सरबत माझ्या नव्या साडीवर. अनिता चारचौघांत म्हणते, "काय गो मैना, थंडी वाजते काय?" पेणमध्ये एप्रिलात कोंबडीलासुद्धा थंडी वाजत नाही! हसून साजरं केलं. घरी येऊन साडी आपटून आपटून धुतली.

हात मांडीवर ठेवला की गप्प. काही धरायला गेलं की सुरू. डॉक्टर म्हणतात हा कंपवात नव्हे, वेगळा आजार आहे, जिवाला धोका नाही. जिवाचं काय घेऊन बसलात? मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तेहतीस वर्षं. बुबुळ, पापणी, भुवई, सगळं एका दमात. माझा जीव त्या हातात आहे हे ह्या माणसाला कोण सांगणार.

ह्या आजारावर नेहमी देतात ती गोळी दम्याच्या माणसाला चालत नाही. मला दमा. दुसरी दिली तिने उभ्या उभ्या डुलक्या लागायला लागल्या, एकदा ब्रश हातात असताना झोपले. ती गटारात टाकली. आता म्हणतात, रोह्याला नवीन संशोधन चाललंय, मनगटावर पट्टा बांधतात, त्यातून बारीक करंट नसेला देतात, हात काही तास थांबतो म्हणे. जाऊन नाव घाला.

कारखान्यात कोणाला काही बोललेले नाही. बोलणारही नाही.

९ मे, शुक्रवार

रोह्याला जाऊन आले. डोकं अजून तापलेलं आहे.

दिवसाचं काम बुडवून गेले, ऐन सीझनला. शनिवारी ठेवा, शनिवारी आमच्याकडे रंग सुकवण्याचं काम जास्त असतं, असं फोनवर म्हटलं होतं. तिथल्या रूथबाई म्हणाल्या, "शनिवारी मी काम करत नाही." मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर येतात, पण पेशंटची सगळी व्यवस्था ह्या रूथबाईंकडे. रोह्याच्या पलीकडल्या अष्टमी गावच्या, शनवार तेल्यांच्या, म्हणजे इकडच्या ज्यूंच्या, घरातल्या. गणगोत सगळं इस्राएलला गेलं, ही बाई एकटी राहिली आणि शनिवार सोडत नाही. मनात म्हटलं, बरोबर आहे, मीपण कुठे काही सोडते.

तपासायला एक कोवळा डॉक्टर. आधी हात पुढे धरायला लावले, मग नाकाला बोट. मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं. मी कोपर बरगडीला दाबलं आणि ओतलं. थेंब सांडला नाही. मग कागद दिला, त्यावर डासांच्या अगरबत्तीसारखं वेटोळं काढायचं, आतून बाहेर. "हात टेबलाला टेकवू नका," म्हणाला. नाही टेकवला. मनगट वर, कोपर वर. करंगळीचं टोक कागदावर होतं, ते तर असतंच. ब्रश तसाच धरतात, मूर्तीच्या गालावर करंगळी ठेवून. श्वास धरला आणि एका दमात वेटोळं काढलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "सुंदर." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तासाभराने रूथबाईंनी आत बोलावलं. गुण कमी पडले म्हणे. माझी थरथर त्यांना पुरेशी नाही! ह्या अभ्यासात जास्त थरथरणारेच घेतात. म्हटलं, "बाई, मी चहा पिऊ शकत नाही." त्या म्हणाल्या, "पण कागदावर तसं दिसत नाही, मैनाताई." अरे, मग काय वाकडी रेघ काढायची होती? वाकडी रेघ काढायला मी पेणहून रोह्याला गेले होते?

घरात अजून कोणाला आहे का, हे पण विचारलं. नाही म्हटलं. बापाचा हात थरथरायचा, पण तो दारूने. जनू आखणीवाला म्हणायचे, मग जनू बाटली म्हणायला लागले. सकाळी नऊ वाजता तोंडाला वास. मी एकोणीस वर्षांची असताना भर कारखान्यात त्याची बाटली फोडली आणि थोरल्या शेठना सांगितलं, बेवड्याच्या हातून देवाचे डोळे काढून घेऊ नका. त्याला मागे माती मळायला बसवलं आणि त्याच्या जागेवर मी बसले. माझ्या त्या एका ओरडण्याने माणूस असा सुधारला की मातीला बसल्यावर मरेपर्यंत दारूला शिवला नाही. रूथबाईंना हे अभिमानाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

गाडीला वेळ होता, म्हणून भाऊ विठू स्टेशनवर भेटायला आला, धाटावला कंपनीत पहिली शिफ्ट संपवून. टपरीवर चहा घेतला. हा अजून लहान पोरासारखा दोन्ही हातांनी ग्लास धरून पितो, पन्नाशीला आला तरी. माझं ऐकून म्हणाला, "जाव दे ना ताई, वय झालं की व्हतं." वय झालं! निडी स्टेशन येईपर्यंत त्याला मनात शिव्या घालत आले.

१० मे, शनिवार

सकाळी दुधाचं पातेलं सांडलं. लिहून ठेवलं. कोणाला दाखवू?

२४ मे, शनिवार

आजपर्यंत बाहेरगावच्या मूर्ती संपवायच्या होत्या, संपल्या. कमळाकरशेठ, म्हणजे थोरल्या शेठचा मुलगा, फळ्यांवरून फिरून म्हणाला, "मैनाताई, तुझ्या मूर्ती मागच्या फळीवर एकपण नाय." मागची फळी म्हणजे चुकलेल्यांची. आमच्या कारखान्याचा नेम आहे, एकदा डोळा उघडला, म्हणजे काढून झाला, की पुसायचा नाही. चुकला तर मूर्ती मागच्या फळीवर जाते, तिला पुन्हा सगळा रंग चढवायचा, दिवस जाऊ द्यायचा, मग नवे डोळे. बापाच्या शेवटच्या वर्षी मागची फळी त्याच्याच मूर्तींनी भरलेली असायची.

आणि माझी एकपण नाही. हात थरथरतो, मान्य आहे. पण करंगळी टेकली, श्वास धरला की माझा हात माझंच ऐकतो. तेहतीस वर्षांची सवय आहे, ती काय कागदावरच्या गुणांना विचारून येते? कधी कधी काढताना वाटतं की पापणी सरकली. दुसऱ्या दिवशी बघते तर नीट असते. उगाच मनाचे खेळ.

नूतनचं मात्र काहीतरी चाललंय. नूतन विठूची मुलगी, चोवीस वर्षांची, आखणी शिकायला तीन वर्षांपासून आमच्याकडे पेणला राहते. माझ्या शेजारीच बसते. तिला मीच शिकवली, पापणीपर्यंत. भुवई अजून दिली नाही, घाई कसली. हल्ली ती जेवायला सगळ्यांच्या मागून येते. काल डबा घ्यायला मी परत गेले तर माझ्या मूर्तींसमोर उभी. "काय गो?" विचारलं तर म्हणते, "बघत व्हते, आत्या." बघत होती! माझी जागा बघत असेल. मला कळत नाही असं वाटतं काय तिला? मी तर तिच्याहून लहान वयात माझी जागा घेतली होती.

११ जून, बुधवार

रूथबाईंचा फोन. मला वाटलं नाव लागलं. कसलं काय.

विचारतात, "तुमचे वडील किती प्यायचे?" म्हटलं सकाळी दोन घोट, कामाच्या आधी. "आणि संध्याकाळी?" संध्याकाळी नाही. "पडायचे, बरळायचे?" नाही. "घोट घेतल्यावर हात कसा असायचा?" मी म्हटलं बाई, तुम्ही पोलीस आहात का? त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या आजारात काही लोकांचा हात थोड्याशा दारूने तासभर थांबतो. ते औषध नव्हे हो, दुसऱ्या दिवशी उलट जास्त थरथरतो. पण पूर्वी गोळ्या माहीत नव्हत्या, माणसं आपली आपण शोधून काढायची. आणि हा आजार घराण्यात चालतो. जमलं तर आईंना विचारा."

फोन ठेवला. आईला विचारायचं काय त्यात? तो बेवडा होता. सगळ्या पेणला माहीत आहे. त्याच्यापायी माझी दोन स्थळं मोडली, तिसरं मी मोडलं. आता शनवार तेल्यांची बाई रोह्यात बसून मला माझा बाप शिकवणार.

१२ जून, गुरुवार

विचारलं.

आई वाल सोलत होती. वर न बघता म्हणाली, "त्याचा हात सकाळचा बसायचा नाय गो. घोट घेतला की बसायचा."

"मग तू मला का नाय सांगितलंस?"

"तू ऐकून घेतलं असतंस?"

"मी बाटली फोडली तेव्हा तरी!"

"तेव्हा तर तू थोरल्या शेठच्या समोर उभी व्हतीस," आई म्हणाली. "आणि मी घरात."

वालाचं सूप मी लाथेने उडवलं. बावन्न वर्षांची बाई. मग आई एकेक दाणा वेचत बसली आणि मी पण गुडघ्यावर बसून वेचायला लागले, तर माझ्या बोटांत दाणा धरवेना. आईने ते बघितलं. आज पहिल्यांदा बघितलं की आधीपासून बघत होती, देव जाणे.

मातीला बसल्यावर त्याने दारू सोडली होती. माती मळायला हात स्थिर लागत नाही.

ह्याच्यापुढे आज लिहवत नाही.

१७ जून, मंगळवार

कोणावर चिडू तेच कळेना म्हणून सगळ्यांवर चिडते आहे. आज कमळाकरवर, पिवळा रंग पातळ म्हणून. रंग बरोबर होता.

३ जुलै, गुरुवार

ही वही कोणाच्या हाती लागली तर लागो.

चार दिवसांपासून हात करंगळीचंही ऐकेना. परवा मोठ्या मूर्तीचं बुबुळ अंडाकृती झालं, मी स्वतः बघितलं, आणि काल पहाटे गेले तर गोल! मला वेड लागत चाललंय की काय. आणि मंडळांच्या मूर्ती ह्याच आठवड्यात उघडायच्या आहेत.

काल नागोठण्याला जाऊन दारूची एक चपटी आणली. पेणमध्ये घेतली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आज सकाळी नऊ वाजता लिंबू सरबतात दोन झाकणं टाकून प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं. आणि कारखान्यात जाऊन ब्रश उचलला तर हात थांबला. थांबला! दोन वर्षांनी माझा हात मला परत मिळाला. करंगळी न टेकता भुवई काढली. अकरा मूर्ती उघडल्या आणि एकेक डोळा असा की माझ्याकडे बघून हसला. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं.

बाराव्या मूर्तीला नूतन वाकली आणि तिला वास आला. हळूच म्हणाली, "आत्या, आज घरी जा."

"तुला काय करायचंय?"

"घरी जा, कोणाला कळायच्या आत." आणि माझ्या हातातून ब्रश काढून घ्यायला लागली.

मी तिच्या थोबाडीत मारली. वीस माणसं बघत होती. "माझ्या मूर्तींभोवती फिरतेस, मला दिसत नाय? जागा पाहिजे ना तुला? मी जिवंत आहे अजून!" असं ओरडले. माझा वास सगळ्या शेडभर गेला असणार. मागून कोणीतरी म्हणालं, "जनूचीच पोर." मोठ्याने नाही, पण ऐकू येईल असं.

तेहतीस वर्षांपूर्वी त्याच जागेवर मी ओरडले होते. आज पण मीच ओरडले.

४ जुलै, शुक्रवार

हात कालपेक्षा दुप्पट थरथरतोय. रूथबाईंनी सांगितलं होतं. चपटी मोरीत ओतली.

नूतन गालावर वळ घेऊन चहा करत होती. मी म्हटलं, "बॅग भर, तुझ्या बापाकडे रोह्याला जा."

ती म्हणाली, "जाईन. आधी एक सांगते. मी तुझे डोळे पुसते."

मला कळलंच नाही.

"मार्चपासून. जेवणाच्या सुट्टीत. थिनरचा बोळा घेऊन पुसते आणि परत काढते. आठवड्याला सहा-सात. ह्या आठवड्यात रोज तीन-चार. परवाचं बुबुळ मीच गोल केलं."

उघडलेला डोळा पुसला! चोरी केली असती तरी एवढा राग आला नसता. मी म्हटलं, "देवाचा डोळा पुसलास? कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी नाय. पण तुझ्या मूर्ती मागच्या फळीवर गेल्या असत्या तर कमळाकरशेठनी तुला मातीला बसवलं असतं. तू मातीला बसली असतीस, आत्या?"

मी चूल, म्हणजे गॅस, बंद केला. काय करावं सुचेना म्हणून.

मग तीच म्हणाली, "एक विचारू? रोह्याला वेटोळं काढताना करंगळी टेकवली व्हतीस ना?"

"टेकवणारच. ती काय हात टेकवणं झालं?"

"श्वास धरलेलास?"

मी कप विसळायला घेतला.

"डोकं फिरलंय काय गो तुझं," नूतन म्हणाली. माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर, माझाच सूर काढून. "तुझा आजार बघायला बसले व्हते ते. तू त्यांना आखणी दाखवून आलीस!"

११ जुलै, शुक्रवार

नूतनने रूथबाईंना फोन करून सगळं सांगितलं होतं, मला न विचारता. परत बोलावणं आलं. बॅग तिने भरलीच नव्हती, तीही बरोबर आली.

तोच कोवळा डॉक्टर. म्हणाला, "करंगळी उचला. बोलत बोलत काढा, म्हणजे श्वास धरला जाणार नाही." मी म्हटलं काय बोलू? "काहीही." मग मी त्याला शिव्या घालत काढलं. खऱ्या शिव्या नाहीत, पण त्याच्या दवाखान्याला, पट्ट्याला, शुक्रवारला, सगळ्याला. आणि पेन माझ्या हातात असं उधळलं की वेटोळ्याच्या रेघा एकमेकींवर चढल्या. पाणी ओतलं तर अर्धं टेबलावर. नूतन खिडकीबाहेर बघत होती. माझी वाकडी रेघ तिने चार महिने पुसली, पण समोर काढताना कधी बघितली नव्हती.

"गुण भरपूर आले," डॉक्टर खूश. "तुम्ही बसलात अभ्यासात." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घाणेरड्या कामाला कोणी शाबासकी दिली. तो कागद हिसकावून फाडावासा वाटला. त्याने नीट फाईलला लावला.

मग रूथबाईंनी समजावलं, आणि माझा पारा परत चढला. निम्म्या लोकांना खरा पट्टा, निम्म्यांना नुसताच, ज्यातून कामाचा करंट येत नाही. कोणाला कुठला ते आम्हालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही, तीन महिने. म्हटलं, "ही तर धडधडीत फसवणूक!" त्या म्हणाल्या, "आधीच सांगून करतोय, मैनाताई. नुसत्या आशेने पण हात थोडा थांबतो. पट्ट्याने किती थांबला आणि आशेने किती, हे वेगळं केल्याशिवाय तुमच्यामागून येणाऱ्यांना आम्ही काय सांगणार? तीन महिन्यांनी ज्यांना नुसता मिळाला त्यांनाही खरा देतात." पटलं. राग गेला नाही, पण पटलं. सही करायला सांगितली. ती सही माझी आहे असं कोणी म्हणणार नाही.

रूथबाईंनी परत घराण्याचं विचारलं. आजोबा? भाऊ? मी म्हटलं भाऊ चांगला आहे. आणि नेमका तेव्हाच विठू आला, शिफ्टवरून, आम्हाला बघायला. रूथबाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला. रूथबाईंनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. नूतन सांडलेलं पाणी पुसायला फडकं शोधत होती, तिने काही बघितलं नाही.

बाहेर पडताना रूथबाई मला एकटीला म्हणाल्या, "आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी निम्मी. होईलच असं नाही. कधी होईल तेही नाही. कोणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे एवढं सगळं आहे, पण त्यावर औषध नाही."

गाडीत नूतन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिचा हात मांडीवर होता. मांडीवर तर माझाही गप्प असतो.

१३ जुलै, रविवार

आईला म्हटलं, आता सगळं सांग. आजोबांपासून.

आजोबांचाही हात तसाच. ते ताकाची वाटी न उचलता वाकून तिला तोंड लावायचे. बापाचा तिशीत सुरू झाला. विठूचं आईला दहा वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे ह्या घरात सगळ्यांना सगळं माहीत, एक मी सोडून! मी एवढी ओरडले की आईने कानांवर हात ठेवले. ओरडून झाल्यावर तिने जे सांगितलं ते आहे तसं लिहिते.

"तू दहा वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारी बसून ब्रश ओढायचीस. तो म्हणायचा, पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय. थोरले शेठ जुन्या वळणाचे. हात घराण्यात उतरतो म्हणायचे, घराणं बघून ब्रश द्यायचे. मग त्याचाच हात बिघडला. तुझा बाप म्हणाला, आजार म्हणून सांगितलं तर पोरीच्या हातात कोण ब्रश देईल? म्हणतील हिचापण उद्या थरथरेल. त्यापेक्षा बेवडा म्हणू देत. बेवड्याच्या पोरीला ब्रश देतात. थरथऱ्याच्या पोरीला कोण देईल?"

मी विचारलं, "मी बाटली फोडली त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला?"

आई म्हणाली, "जेवला. म्हणाला, आज तिला जागा मिळाली."

सतरा वर्षं तो माझ्या मागे माती मळत होता. मला रोज त्याचे मातीने भरलेले हात दिसायचे आणि रोज राग यायचा. मेला तेव्हा मी रडले नाही. आज त्याच्यावर इतकी चिडले आहे की समोर असता तर दंड धरून हलवला असता. मला विचारायचं तरी होतंस रे! कोणी सांगितलं होतं तुला परस्पर ठरवायला? लोकांनी तुला काय काय म्हटलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.

आई म्हणते, नूतनला सांगू नको. "चांगली बसते आहे पोर. तिच्या डोक्यात भुंगा कशाला सोडतेस?" विठूचंही तेच. म्हणाला, "ताई, तिचं लग्न व्हायचंय." पुन्हा तेच चाललंय. तेच, तेच, तेच.

आणि मलाही तेच वाटतंय, हे लिहायला लाज वाटते.

२९ जुलै, मंगळवार

पट्टा सुरू होऊन दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ चाळीस मिनिटं, मुंग्या चढल्यासारखं होतं. चहाचा कप थोडा बरा धरवतो. खरा पट्टा की नुसता, की माझी आशाच, कळायला मार्ग नाही. कपातला चहा कमी सांडतो एवढं लिहून ठेवते.

कमळाकरशेठला मी स्वतः जाऊन सांगितलं की ह्या वर्षी डोळे नूतन उघडेल. त्याने विचारलंही नाही का. म्हणाला, "बस तिच्या शेजारी. मातीला नको." म्हणजे त्यालाही माहीत होतं. अख्ख्या शेडला माहीत असेल. फुकट चार महिने श्वास धरून मेले.

तिला भुवई शिकवली. दोन दिवसांत उचलली, मला दोन सीझन लागले होते.

१० ऑगस्ट, रविवार

आज सांगितलं.

ठरवून नाही. दुपारी शेड रिकामी होती, सगळे जेवायला गेलेले. नूतन एका घरगुती मूर्तीचा डावा डोळा उघडत होती. पापणी ओढताना तिचा ब्रश कणभर सरकला. कणभरच, कोणाचाही सरकतो, झोप कमी झाली तरी सरकतो. पण मला कळलं की आता जन्मभर मी हिच्या हाताकडे असंच बघत राहणार आणि हिला माहीत नसणार मी काय बघते आहे. तसं माझ्याकडे कोणीतरी बघत होतं, मागून, मातीत हात घालून.

सगळं सांगितलं. आजोबा, बाप, बाटली, विठूचा ग्लास. निम्मी निम्मी.

ती ब्रश धूत राहिली. ब्रश स्वच्छ झाला तरी धूत राहिली. मग म्हणाली, "बाबांचं मला माहीत नव्हतं."

"मलापण नव्हतं."

"आत्या, खरं सांग. तुला दहाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं, तर तू ब्रश धरला असतास?"

मी चिडकी आहे, भांडखोर आहे, पण ह्या बाबतीत खोटं बोलवेना. "नसता धरला," म्हटलं.

"मग माझ्या आजोबांनी बरोबर केलं."

"केलं असेल."

"मग मला का सांगितलंस?" तिचा आवाज फाटला. राग आला की आमच्या घरात सगळ्यांचा फाटतो. "मी काय करू आता हे घेऊन? रोज सकाळी हात बघत बसू? बोल ना! तुला राहवलं नाय म्हणून सांगितलंस ना?"

शहाणपणाचं काहीतरी बोलायला हवं होतं, रूथबाईंसारखं, तुमच्यामागून येणाऱ्यांसाठी वगैरे. तोंडातून आलं ते एवढंच, "मी माझ्या बापावर सतरा वर्षं थुंकले, नूतन. त्याने मला सगळं दिलं आणि मी त्याच्यावर थुंकले, कारण मला कोणी सांगितलं नाय. तू माझ्यावर थुंकलीस तर चालेल. पण माहीत असून थुंक."

बाहेर जेवून येणाऱ्यांचा आवाज यायला लागला. मग तिने नाक पुसलं, ब्रश उचलला आणि मूर्तीकडे वळून म्हणाली, "सरक तिकडे. उजेड अडवतेस."

मी सरकले. तिने उजवा डोळा उघडला.